तिनाच्या वरचा तुकडा

मित्रांनो, मला ओळखायचं असेल तर डोळे मिटा आणि आमच्या चाकाच्या कडेवरून हात फिरवत चला. एकवीस फुटांहून जास्त अंतर हात सरसर सरकत जाईल आणि मग एका जागी बोटं अडतील. तिथे मी आहे! मी एक जुना लोखंडी तुकडा आहे. अकरा इंच लांब, दोन इंच रुंद आणि शेजारच्या पट्टीपेक्षा अंगाने जरासा जाड. लोक मला जोड म्हणतात. ठिगळ म्हणणारेही आहेत. म्हणोत बापडे! माझ्यावाचून ते चाक पुरं झालं नसतं, हे नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत शेंबडं पोरही सांगेल.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा आठवतो का? मला आठवतं ते मोतीराम मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान. सायखेड्याच्या एका बागायतदाराला मळ्यासाठी फाटक हवं होतं आणि मी त्या फाटकाच्या लांबलचक पट्टीचं शेपूट होतो. गोदावरीकाठी जायचं, द्राक्षांच्या सावलीत उभं राहायचं, असे मनात मांडे खात होतो. पण करवत चालली, फाटक टेम्पोत चढलं आणि मी वीत-दीडवीत उरलो तो भंगारात पडलो. ज्यांच्याबरोबर लोळत आलो ते सगळे सायखेड्याला, आणि मी मोडक्या कड्याकोयंड्यांच्या ढिगात. फार वाईट वाटलं हो.

तिथून मला उचललं जयरामने. तो तेव्हा मिस्त्रींकडे नुकताच कामाला लागला होता. मिस्त्रींना विचारून त्याने मला घरी नेलं आणि आईपुढे धरलं. "आई, चुलीला घे. एका बाजूनं फुटलीय ना ती? ही पट्टी आडवी टाकली की तवा नाय कलंडायचा."

त्याची आई भिमाबाई. देवळाली कॅम्पात टोपली घेऊन भाजी विकायची. तिने मला उलटंपालटं करून बघितलं, राखेने घासलं आणि अंगणातल्या चुलीवर आडवं टाकलं. "माज्या लेकाची पहिली कमाई," असं ती आल्यागेल्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. मी काळाठिक्कर पडलो, पण तवा कधी कलंडू दिला नाही. पुढे जयराम स्वतः मिस्त्री झाला, त्याने वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि चुलीवर कोण आहे हे तो पार विसरला. मी रोज त्याची भाकरी भाजत होतो आणि तो मला ओळखतही नव्हता!

आता खरी गोष्ट ऐका. साल होतं एकोणीसशे एकोणऐंशी. आमच्या वसाहतीतून दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, संध्याकाळी मिरवणूक निघते. आदल्या वर्षी गाडीवर पुठ्ठ्याचं चाक होतं. निळा कागद, चंदेरी आरे, सगळं दिसायला झकास. पण अर्ध्या वाटेत वारा सुटला, चाक मधोमध वाकलं आणि रस्त्याकडेचे काही लोक फिदीफिदी हसले. भिमाबाई त्या दिवशी घरी आली ती न जेवता चुलीपुढे बसून राहिली. जयराम तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, पुढल्या साली लोखंडाचं चाक करीन. माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं. आणि ते फिरंल!"

तो बोलून गेला आणि भिमाबाईने ते कॅम्पभर केलं. मेथीच्या जुडीबरोबर ती चाकाची बातमी फुकट द्यायची. "माजा जयराम चाक करतोय, बरं का. या बघायला चौदा तारखेला." जवानांच्या बायका, बाजारातले फळवाले, स्टेशनवरचे हमाल, सगळ्यांना आमंत्रण! आता चाक झालं नाही तर तिने बाजारात तोंड कसं दाखवायचं? जयरामला ते पक्कं ठाऊक होतं आणि चुलीवरून मलाही.

जयरामने महिनाभर आमच्याच अंगणात काम केलं. मधे तुंबा, त्याभोवती चोवीस आरे. एका आऱ्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत बरोबर सात फूट. आरे उभे राहिले तेव्हा ते सूर्यफुलासारखं दिसायचं. आता फक्त भोवतीची कड वळवून बसवायची राहिली होती.

तेरा तारखेला तो पट्टी आणायला निघाला. तेवढ्यात शेजारच्या सुमनबाई अंगणात आल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत सातवीला गणित शिकवायच्या. त्यांनी विचारलं, "जयराम, परिघाला किती लागेल ते काढलंस का? मी मांडून देऊ?"

"बाई, हे फळ्यावरचं काम नाय," जयराम हसून म्हणाला. "मोतीराम मिस्त्रींचा हिशोब हाय आपल्याकडे. तिप्पट आणि वर इंच. शेकड्यानं शेगड्या केल्या या हातानं, एक चुकली नाय."

आणि मित्रांनो, तो खोटं बोलत नव्हता. मिस्त्रींच्या दुकानात शेगड्या व्हायच्या त्या सगळ्या सात इंच तोंडाच्या. सात त्रिक एकवीस, वर एक इंच, बावीस इंचांची पट्टी. वळवली की टोकाला टोक असं भिडायचं की मुंगी शिरायला जागा नाही. बाईंना घाईत काय ते कळलं नाही. मान हलवून त्या शाळेत गेल्या. जयरामने सात फुटांची तिप्पट केली, वर मिस्त्रींचा इंच टाकला आणि एकवीस फूट एक इंच पट्टी मापून, कापून घेऊन आला. उगाच जास्त कशाला आणा, असा त्याचा विचार. काटकसरी माणूस!

चौदा तारीख उजाडली. अंगणात निळ्या पताका लागल्या, पोरं नवे कपडे घालून हुंदडायला लागली आणि जयरामने पट्टी वळवायला घेतली. दोघे जण एक टोक धरून, तो हातोडा घेऊन. ठण ठण ठण! एकेका आऱ्याला पट्टी चिकटत चालली. बायका कामं सोडून बघायला आल्या. चुलीवरून मीही बघत होतो. काय तो गोल आकार घेत होता! चोवीस आरे झाले. पण पट्टीचं टोक पुन्हा पहिल्या आऱ्याला पोचेना.

जयरामने पट्टी ओढली. पोचेना. हातोडा मारला. तरी पोचेना. दोन टोकांमधे एवढी मोठी फट राहिली होती की त्यातून मांजर आरामात पलीकडे गेलं असतं.

"हे कसं काय?" जयराम स्वतःशीच म्हणाला. "तिप्पट घेतली. वर इंच घेतला."

मिरवणुकीचे पुढारी खंडेराव तेवढ्यात आले. नोटांच्या प्रेसमधे कामाला असलेला हा माणूस घड्याळाचा पक्का. त्यांनी फट बघितली आणि म्हणाले, "जयराम, पाचला गाडी हलणार म्हणजे हलणार. मागच्या सालचं पुठ्ठ्याचं चाक मी खळ लावून ठेवलंय. वाईट वाटून घेऊ नको. पण तीनपर्यंत तुझं झालं नाय तर तेच चढवू."

पुठ्ठ्याचं चाक! भिमाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहिली.

सुमनबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी फटीकडे बघितलं, मग जयरामकडे आणि अचानक विचारलं, "तुझ्या घरी सात इंची शेगडी आहे का? आण. आणि सुतळी आण!"

त्यांनी सुतळी शेगडीच्या तोंडावर आडवी धरून कापली. हा झाला व्यास. मग दुसरी सुतळी शेगडीच्या कडेभोवती गुंडाळून कापली. हा परीघ. परिघाच्या सुतळीवर व्यासाची सुतळी त्यांनी एकदा ठेवली, दोनदा ठेवली, तीनदा ठेवली. टोकाला थोडी सुतळी उरली. नखाएवढी नव्हे, चांगली इंचभर.

"हा तुझ्या मिस्त्रींचा इंच," बाई म्हणाल्या. "आता हा किती आहे ते बघ." उरलेला तुकडा त्यांनी व्यासाच्या सुतळीवर ठेवत नेला. सातव्या खेपेला टोकाला टोक लागलं. "व्यासाचा सातवा हिस्सा! शेगडीचा व्यास सात इंच, म्हणून वरचा एक इंच. चाकाचा व्यास सात फूट, तर वरचा किती?"

जयरामचं तोंड उघडंच राहिलं. "एक फूट," तो हळूच म्हणाला. मग ओरडलाच, "एक फूट! आयला, चाक वाढलं तसा वरचा तुकडाबी वाढला! आणि मी शेगडीचा इंच चाकाला लावला!"

"एक इंच तू घेतलाच आहेस. म्हणजे फट अकरा इंचांची असायला हवी," बाई म्हणाल्या. "माप बरं. लवकर माप!"

मित्रांनो, त्या क्षणी मी तव्याखाली श्वास रोखून होतो. जयरामने टेप लावला. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

"अकरा इंच, बाई! एक सूत कमी, पण अकराच!"

आणि सुमनबाईंनी काय केलं माहीत आहे? सातवीच्या कडक बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या! "बारा वर्षं मी फळ्यावर बावीस सप्तमांश लिहितेय रे," त्या म्हणाल्या, "पाय, पाय म्हणून पोरांकडून घोकून घेतेय. पण तो असा डोळ्यांपुढे कधी बघितला नव्हता! तुझ्या चाकात तो उघडा पडलाय. ही फट म्हणजे त्याचा तिनाच्या वरचा तुकडा, तुझा इंच सोडून!"

"आणि ते एक सूत, बाई? इंचाचा आठवा हिस्सा, तो कुठं गेला?"

"सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात. तुझ्या हातोड्याचाही असेल तो फरक. पण खरा आकडा बावीस सप्तमांशापेक्षा केसभर कमीच असतो, आणि तो कुणाला पुरता मांडता आलेला नाही. चाक लहान असो नाहीतर मोठं, व्यासाच्या तिप्पट आणि वर तेवढंच. सगळ्या जगात तेवढंच!"

सगळं अंगण आनंदाने गलका करत होतं. मग खंडेराव खाकरले. "ते सगळं खरं, बाई. पण अकरा इंच पट्टी कुठंय?"

लोखंडाचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मालक चांदवडला पाहुण्यांकडे गेलेले. कुणी म्हणालं, आरेच कापून लहान करा. बाईंनी तेही मांडून बघितलं आणि स्वतःच चकित झाल्या, कारण एवढी फट बुजवायला प्रत्येक आरा दोन इंचसुद्धा कापायला नको होता. पण चोवीस आरे कापून, घासून, पुन्हा जोडायचे म्हणजे दिवस मावळला असता. मग जो तो शोधायला पांगला. कुणी खिडकीचा गज आणला, कुणी बादलीची कडी, कुणी विळ्याचं पातं. एक आजोबा तर उत्साहाच्या भरात पलंगाचा पायच घेऊन आले. काही जुळेना. पट्टी दोन इंच रुंद हवी होती.

आणि मी? मी दोन इंच रुंद होतो! तेरा इंच लांब होतो! चाकापासून दहा पावलांवर, तव्याखाली तापून लाल होत पडलो होतो! "अरे जयराम," मी मनातल्या मनात बोंबलत होतो, "मी इथे आहे! तूच आणलंस मला! काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतोयस!" पण लोखंडाला जीभ कुठे असते? माझ्यावर भाकरी फुगली, भिमाबाईने ती उतरवली, दुसरी टाकली. अडीच वाजून गेले. पुठ्ठ्याचं चाक घेऊन चौघे जण गल्लीच्या तोंडाशी दिसायला लागले. मला रडू फुटलं असतं, पण तापलेल्या लोखंडावर पाणी टिकतं कुठे?

जयराम चुलीजवळ येऊन मटकन बसला. "आई, नाय जमलं गं," तो म्हणाला. "दोन इंची पट्टी वसाहतीत कुणाकडं नाय. तू आता बाजारात काय सांगशील?"

"बाजाराचं मी बघीन," भिमाबाई म्हणाली. "पण पट्टी नाय म्हनून माजा लेक असा बसला, ते मला बघवत नाय." मग तिची नजर तव्याखाली गेली. "पट्टी म्हंजी कशी रं? आपल्या चुलीवरच्यावानी?"

जयरामने मान वर केली.

तिने तवा बाजूला ठेवला, चिमट्याने मला उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. "तूच दिली व्हती. तुजी पहिली कमाई. इसरला का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. काळाकुट्ट, राखेने भरलेला, थोडासा वाकलेला. पण वाकलेला होतो तेही बरंच झालं, गोलाला तसाच हवा असतो! जयरामने आधी वाकून आईच्या पायांना हात लावला, मग मला सांडशीत पकडून पळत सुटला. "बाई! मिळाली! मिळाली!"

मग काय गंमत झाली! मला पाण्यात बुडवलं, च्यार्र आवाज झाला. घासलं, अकरा इंचांवर कापलं, वर कानशीने ते एक सूतही काढलं. दुखलं म्हणता? लग्नात हळद लावताना कुणाला दुखतं का? दोन टोकांच्या मधे मला धरलं आणि मी बसलो! अगदी बसलो! वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, दोन्ही बाजूंनी पट्टीने माझा हात धरला आणि गोल पुरा झाला. खंडेरावांनी हातातलं घड्याळ बघितलं, मग पुठ्ठ्याचं चाक आणणाऱ्यांना ओरडून सांगितलं, "घेऊन जा ते! पोरांना खेळायला द्या!"

पाच वाजता गाडी हलली. निळा रंग अजून ओला होता, हात लावणाऱ्यांची बोटं निळी होत होती. ढोल वाजत होते, जयभीमच्या घोषणा चालल्या होत्या आणि गाडीवर सात फुटी चाक फिरत होतं. ते फार जोरात फिरू नये म्हणून जयरामने खाली लाकडाची एक फळी टेकवली होती. मी अंगाने जरा जाड, त्यामुळे दर फेरीला माझी पाळी आली की फळीवर आवाज व्हायचा, टक्! एक फेरी, एक टक्. भिमाबाई कॅम्पातून आलेल्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. चाक समोर आलं तेव्हा ती म्हणाली, "ती बघा, टक् वाजतीय ना, ती माजी चुलीची पट्टी!" एवढा मान मला सायखेड्याच्या फाटकात मिळाला असता का, सांगा बरं?

त्या दिवशी घरी मात्र चुलीवर तवा कलंडला आणि भाकरी एका बाजूने करपली. जयरामने ती मुकाट्याने खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आईला चुलीसाठी नवी पट्टी आणून दिली.

पुढे दरवर्षी मी मिरवलो. जून महिन्यात सुमनबाई सातवीचा वर्ग घेऊन यायच्या, मुलं सुतळीने व्यास मोजायची, कडेवर तीनदा ठेवायची आणि उरलेल्या जागी नेमकी माझ्याशेजारी खडूची रेघ पडली की किंचाळायची. पाढ्यांना कंटाळणारी मुलंसुद्धा! मग काही वर्षांनी दिव्यांच्या माळा आल्या, गाडीवर रंगीत बल्बांचं नवं चाक चढलं आणि आम्ही समाजमंदिरामागे भिंतीला टेकून राहिलो. दोन पावसाळे अंगावर घेतले. गंज चढला. खोटं कशाला सांगू, मनाला फार लागलं.

शहाऐंशी साली त्या बल्बांच्या चाकाची मोटार जळाली आणि आमची आठवण झाली. नव्या मंडळींनी आम्हाला बाहेर काढलं, खरवडलं, रंगवायला घेतलं. त्यांच्यातला एक जण माझ्यावरून बोट फिरवून म्हणाला, "हा जोड वर आलाय. ग्राइंडरनं घासून सपाट करू. टक् टक् आवाज पण जाईल."

ग्राइंडर चालू झाला. तेवढ्यात जयराम आला. केस पिकायला लागलेले, पण पाय तेव्हासारखेच पळाले. त्याने हात आडवा घातला. "तेवढं सोडून काय वाटेल ते घासा," तो म्हणाला.

"का हो, जयरामदादा?"

"आईला आता दिसत नाय," जयराम म्हणाला. "दारात बसून ती मिरवणूक ऐकते. इतक्या गाड्या जातात, आपली कोणती ते तिला कसं कळावं?"

ग्राइंडर बंद झाला.

मित्रांनो, म्हणून सांगतो. मोठं माप घेतलं की काम झालं असं समजू नका. तिपटीच्या वर जे उरतं, ते थोडं असतं, वेडंवाकडं असतं, कधी एखाद्याच्या चुलीवर काळं होऊन पडलेलं असतं. ते फेकू नका आणि घासून सपाटही करू नका. गोल त्यानेच पुरा होतो.

त्या संध्याकाळी गाडी भिमाबाईच्या दारापुढे आली. ढोलवाल्यांनी हात थांबवले. चाक सावकाश फिरलं. दारात बसलेल्या म्हातारीने मान तिरकी केली, कान दिला आणि मी माझ्या सगळ्या जोरानिशी वाजलो.

टक्!

"आला," भिमाबाई हसून म्हणाली, "माजा जयराम आला."